पिट्सबर्गची दिवाळी: एक तारीख, दोन तिथ्या

परत येऊन तीन आठवडे झाले, जेट लॅग गेला, आता लिहायला बसलेय. लेक पिट्सबर्गला कार्नेगी मेलनमध्ये शिकते. दुसरं वर्ष. तिला दिवाळीची सुट्टी नाही, म्हणून यंदा, २०१९ ला, आम्हीच दिवाळी घेऊन गेलो, म्हणजे चकली, कडबोळी, शंकरपाळे, चिवडा आणि मातीच्या पणत्या. तिकडे बघायला धबधबे-बिबबे काही नाहीत, पोलादाच्या कारखान्यांचं जुनं गाव, तीन नद्या आणि मरणाचे चढउतार. पण मला जायचं होतं ते दुसऱ्याच कारणासाठी.

आधी तेवढं सांगते. लेक राहते स्क्विरल हिल नावाच्या भागात, ही ज्यू लोकांची जुनी वस्ती. ती तिथे राहायला गेल्यावर अडीच महिन्यांत, २७ ऑक्टोबर २०१८ ला, शनिवारी सकाळी तिथल्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, एकाने बंदूक घेऊन शिरून ११ माणसं मारली. अमेरिकेत ज्यूंवर झालेला सगळ्यात मोठा हल्ला. आमच्याकडे अलिबागला तेव्हा संध्याकाळ, मी भाजणी भाजत होते, हिचा मेसेज "आई मी घरी आहे, ठीक आहे", आणि मला कळेना ही असं का सांगतेय. मग टीव्ही लावला. भाजणी करपली ती करपलीच.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

मुंबई ते न्यूअर्क आणि पुढे पिट्सबर्ग, सगळं वेळेवर. फक्त एक बॅग आली नाही. कुठली? फराळाची! कपड्यांच्या दोन्ही आल्या. काउंटरवरच्या बाईने फॉर्म भरून घेतला, "आत काय आहे" विचारलं, यांनी तिला चकली हाताने हवेत काढून दाखवली. तिने "स्नॅक्स" लिहिलं.

टिप: फराळ न्यायचा तर कस्टम्सच्या फॉर्मवर खाण्याच्या वस्तू आहेत म्हणून सरळ लिहा, लपवू नका. कोरडा फराळ काढून ठेवत नाहीत, खव्याचं काही नेऊ नका. आणि एकाच बॅगेत सगळा फराळ भरायचा शहाणपणा करू नका.

एअरपोर्टवरून २८एक्स बस थेट युनिव्हर्सिटीच्या भागात येते, पावणेतीन डॉलर. टॅक्सीच्या मानाने फुकटच. बोगद्यातून बाहेर पडल्यावर एकदम नद्या, पूल, उंच इमारती समोर उभ्या राहतात, त्या क्षणी खिडकीशी बसा.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर (धनत्रयोदशी)

सकाळी सहा अंश. यांनी एकावर एक दोन स्वेटर घातले आणि वर लेकीची कॉलेजची टोपी. पण बाहेर काय रंग होते! झाडं पिवळी-लाल, पानांचा रस्त्यावर थर, पाय टाकला की चुरचुर.

लेक पहिल्या मजल्यावर भाड्याने राहते, खाली मालकीणबाई एकट्या, वय ८० च्या पुढे. त्या ज्यू आहेत पण ट्री ऑफ लाइफच्या नाहीत, दुसऱ्या सिनेगॉगच्या. मी त्यांना मनातल्या मनात आजी म्हणायला लागले आणि दुसऱ्या दिवशीपासून तोंडानेही. त्यांना अर्थ सांगितला तर म्हणाल्या, इथे मला सगळे नावाने हाक मारतात, हे बरंय.

फोर्ब्स आणि मरी या दोन रस्त्यांचा चौक म्हणजे इथला नाका. एका कोपऱ्यावर ज्यू कम्युनिटी सेंटर, त्याच्या घड्याळावर आकड्यांऐवजी हिब्रू अक्षरं. यांनी तिथे उभं राहून आपलं घड्याळ लावायचा प्रयत्न केला. चौकातच पब्लिक लायब्ररी, आणि चौकातच सिक्स्थ प्रेस्बिटेरियन चर्च. मरी रस्त्याने उतरत गेलं की चायनीज नूडलवाले, कोशर दुकान (ज्यूंच्या खाण्याच्या नियमांत बसणारं), दोन पिझ्झेवाले ज्यांच्यात कोण भारी यावर गावात दोन तट आहेत (आम्ही दोन्हीकडे खाल्ला, मी काही बोलणार नाही). आणि दुकानांच्या काचांवर अजून ते स्टिकर, वर्षभराने कडा उडालेले. गावाच्या फुटबॉल टीमचा लोगो, त्यातल्या एका चांदणीच्या जागी ज्यूंची सहा टोकांची चांदणी, आणि शेजारी इंग्रजीत 'द्वेषापेक्षा बळकट' असं काहीसं.

लेकीने चौकात उभं करून दाखवलं, आई, त्या रात्री आम्ही इथे होतो. सकाळी गोळीबार झाला, आणि संध्याकाळी इथल्या हायस्कूलच्या मुलांनी, मोठ्यांनी नव्हे बरं का, मुलांनी लोकांना बोलावलं. पाऊस पडत होता. मेणबत्त्या विझत होत्या, शेजारचा परत पेटवून द्यायचा. शनिवार संपताना ज्यू लोक जी प्रार्थना म्हणतात, हावदाला, ती या चौकात भर रस्त्यावर म्हटली गेली, आणि चर्चच्या दारापर्यंत माणसंच माणसं. लेक म्हणाली, मला एक शब्द कळत नव्हता पण मी शेवटपर्यंत थांबले, माझ्या बाजूला एक पाद्री भिजत उभा होता, त्यालाही कळत नसावा.

हे सिक्स्थ प्रेस्बिटेरियन म्हणजे फ्रेड रॉजर्स यांचं चर्च. अमेरिकेत पोरांच्या टीव्हीवर स्वेटर घालून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोष्टी सांगणारे ते गृहस्थ, स्वतः दीक्षा घेतलेले पाद्री, राहायलाही इथेच स्क्विरल हिलमध्ये. लेकीला हे माहीत नव्हतं, आजींनी सांगितलं. मलाही ते नाव नवीनच.

संध्याकाळी सहाच्या सुमारास आजींनी शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ, त्यांचा आठवड्याचा पवित्र दिवस) मेणबत्त्या लावल्या, आम्ही वर धन्वंतरीपुढे निरांजन (स्टीलची वाटी, कारण पणत्या बॅगेत). जिन्यातून दोन्ही उजेड दिसत होते.

टिप: शुक्रवारी अंधार पडायच्या आत कोशर दुकानातली खरेदी उरका. शनिवार संध्याकाळपर्यंत ती दुकानं बंद.

शनिवार, २६ ऑक्टोबर

पाऊस. भुरभुर नव्हे, लागून राहिलेला. सकाळी खिडकीतून बघत होते तर छत्र्या न घेता माणसं, पोरंबाळं, सुटातली म्हातारी माणसं पायी सिनेगॉगला चाललेली. कर्मठ असतील ते शनिवारी गाडी चालवत नाहीत आणि छत्रीही उघडत नाहीत. आमच्या रेवदंड्या-अलिबागकडे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांना 'शनिवार तेली' म्हणायचे, तेलाचा घाणा शनिवारी बंद म्हणून. मी शाळेत असताना आमच्या वर्गात त्यांच्या दोन मुली होत्या, पुढे सगळं कुटुंब इस्राएलला गेलं. हे सगळं त्या ओल्या रस्त्याकडे बघताना आठवत होतं.

दुपारी कॅथीड्रल ऑफ लर्निंगला. नाव कॅथीड्रल पण आहे युनिव्हर्सिटीची ४२ मजली इमारत, आत देशोदेशीच्या नावाने वर्ग सजवलेत. भारताची खोली विटांच्या खांबांची, नालंदाच्या धर्तीवर. इस्राएलची दगडी. दोन्हीत यांचा फोटो काढला, दोन्हीत त्यांचे डोळे मिटलेले. (वीकेंडला जा, एरवी तिथे खरोखरचे तास चालू असतात.)

संध्याकाळी आजी वर आल्या, शब्बाथ संपला होता. मी त्यांना म्हटलं, उद्या वर्ष होतंय ना. तर म्हणाल्या, तारखेने होतंय, आमच्या पंचांगाने नाही. आमची तिथी हेश्वान महिन्याची १८, ती यंदा १६ नोव्हेंबरला येते. वीस दिवस पुढे कशी गेली? तर म्हणे गेल्या वर्षात आमचा एक जास्तीचा महिना होता. हे ताडकन म्हणाले, अधिक मास! मग पुढचा अर्धा तास आमच्या घरी श्राद्धाची तिथी आणि मृत्यूची तारीख यावरून जी भांडणं होतात ती त्यांना सांगितली, त्यांच्याकडेही अगदी तश्शीच होतात. त्या दिवशी चोवीस तास जळणारी मेणबत्ती लावतात, काचेच्या पेल्यात येते.

आठ वाजता बॅग आली! एक पणती फुटलेली, चिवड्याचा चुरा, बाकी शाबूत. मी ताट भरून आजींना द्यायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. त्या कोशर पाळतात, आमच्या स्वयंपाकघरातलं त्यांना चालत नाही. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू. मग त्याच म्हणाल्या, न कापलेलं फळ चालतं. खाली जाऊन मी दोन सफरचंदं आणली. आणि त्यांच्या टेबलावर ती ठेवताना आठवलं, आमच्याकडच्या बेने इस्राएलांच्या मलिद्यात पोहे-खोबऱ्याबरोबर फळं असतात, एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने. त्यांना मलिदा माहीत नव्हता. इतकी वर्षं ज्यू असून! त्यांनी सगळी कृती लिहून घेतली.

रविवार, २७ ऑक्टोबर (नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन, दोन्ही एकाच दिवशी)

पहाटे पाचला उटणं, अभ्यंग, बाथटबमध्ये पाट कसा ठेवायचा यावर चर्चा, फराळ. मग साडेनऊला निघालो कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चला. हे ठरवून. ट्री ऑफ लाइफ आहे शेडी आणि विल्किन्स रस्त्यांच्या कोपऱ्यावर, आणि कॅल्व्हरी त्याच शेडी रस्त्यावर पुढे, चालत अर्ध्या तासाच्या आत. उंच दगडी चर्च, १९०७ चं. १९२१ मध्ये रेडिओवरून पहिली चर्चची प्रार्थना ऐकवली गेली ती इथूनच.

गोळीबारानंतर ट्री ऑफ लाइफची इमारत बंदच होती. तिथे तीन मंडळ्या प्रार्थना करायच्या, ट्री ऑफ लाइफ, न्यू लाइट आणि दोर हदाश, मेलेली माणसं तिन्ही मंडळ्यांतली. त्यांना इतर सिनेगॉग्जनी आपल्याकडे जागा दिली. पण रोश हशाना आणि योम किप्पूर म्हणजे वर्षाचे सगळ्यात मोठे सण, त्या दिवशी प्रत्येकाचंच सिनेगॉग भरलेलं, आणि ट्री ऑफ लाइफला तर यंदा जास्तच माणसं येणार. तेव्हा कॅल्व्हरीने आपलं चर्च देऊ केलं. म्हणजे आम्ही जायच्या महिनाभर आधी, सप्टेंबरच्या शेवटी, रब्बी (ज्यू धर्मगुरू) जेफ्री मायर्स यांनी रोश हशानाची प्रार्थना या चर्चमध्ये घेतली, आणि ऑक्टोबरात योम किप्पूरचीही. हेच रब्बी त्या सकाळी आत होते, पोलिसांना फोन केलेले.

प्रार्थना संपल्यावर मागच्या हॉलमध्ये कॉफी. साडी बघून एक वयस्क गृहस्थ आपणहून बोलायला आले. मी विचारलं, चर्च देताना तुम्हाला अवघड गेलं का. ते म्हणाले, आम्हाला काय अवघड, त्यांना अवघड. ते एवढंच म्हणाले आणि कॉफीत साखर ढवळत बसले. मग म्हणाले, मी त्या दिवशी पार्किंगला उभा होतो, भाषण करायला खूप लोक होते, पार्किंगला कमी.

'त्यांना अवघड' हे वाक्य मला कळलं, कारण मी रेवदंड्याची. आमच्या गावचा किल्ला पोर्तुगीजांचा. त्यांनी १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसवलं, आणि त्याचे पहिले बळी म्हणजे वरवर ख्रिस्ती झालेले, घरात ज्यू रीत पाळणारे लोक. औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ऑर्ता गोव्यातच होता, तो १५६८ ला वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. मेलेल्या माणसाची! क्रुसाच्या नावाखाली शेकडो वर्षं हे झालेलं असताना, गोळीबाराला वर्ष होत नाही तोवर चर्चच्या बाकावर बसून योम किप्पूरचा उपास करायचा, यात जास्त हिंमत कुणाची? बोलावणाऱ्याची की येणाऱ्याची? हे म्हणाले, दोघांची. हे नेहमी असंच उत्तर देतात.

त्या गृहस्थांनी चार्ल्सटनचंही सांगितलं. साउथ कॅरोलिनात चार्ल्सटनला मदर इमॅन्युएल हे काळ्या लोकांचं चर्च, तिथे १७ जून २०१५ ला बायबलच्या अभ्यासवर्गाला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या पोराने मारलं, ज्यांनी त्याला आत घेऊन शेजारी बसवलं होतं त्यांनाच. त्या चर्चचे पाद्री एरिक मॅनिंग इथे गोळीबार झाल्यावर निघून पिट्सबर्गला आले आणि ९७ वर्षांच्या रोझ मॅलिंजर यांच्या अंत्यविधीला बसले. ना ओळख ना पाळख. पुढे जानेवारीत इथली माणसं चार्ल्सटनला गेली. आपल्याकडे म्हणतात ना, सांत्वनाला तोच जावा ज्याच्या घरात झालंय.

बाकी निवेदनं तर भरपूर निघाली होती. इथले तेव्हाचे कॅथलिक बिशप डेव्हिड झुबिक यांनी ज्यूद्वेषाला पाप म्हटलं, पोप बोलले, मुसलमान संघटनांनी दोन लाख डॉलरच्या वर पैसे जमवून दिले. गावच्या पेपरने गोळीबारानंतरच्या शुक्रवारी पहिल्या पानाचा मथळा हिब्रू अक्षरांत छापला, मेलेल्यांसाठीच्या कद्दिश प्रार्थनेची सुरुवात. तो अंक लेकीने ठेवलाय, कपाटात पासपोर्टच्या फायलीत.

चर्चमधून शेडी रस्त्यानेच चालत सिनेगॉगपाशी आलो. वारा इतका की यांची टोपी दोनदा पळाली. इमारतीभोवती कुंपण, त्याच्यावर देशभरातल्या शाळकरी मुलांनी काढलेली चित्रं. फुलं, आणि फुलांपेक्षा जास्त खडे, ज्यू लोक फुलांऐवजी खडा ठेवतात. एक बाई वाकून एकेक फुलाचा प्लास्टिकचा कागद काढून खिशात घालत होती, कुणाची कोण काय माहीत. गर्दी होती पण आवाज नाही. सेसिल आणि डेव्हिड रोझेन्थल हे दोघे भाऊ, पन्नाशीतले पण मनाने लहान, ते दर शनिवारी दाराशी उभे राहून येणाऱ्याला प्रार्थनेचं पुस्तक द्यायचे. त्या दिवशीही लवकर आले होते. ते दार लांबून बघितलं. मी फोटो काढला नाही.

टिप: अशा ठिकाणी जाताना मोठ्या बॅगा नेऊ नका, सिनेगॉगच्या आत जायचं असेल तर आधी फोन करून विचारा, पुरुषांनी डोक्यावर टोपी. आणि दाराशी पोलिस दिसला तर घाबरू नका, आता तिथे असतोच.

संध्याकाळी पाचला मोठ्या हॉलमध्ये सार्वजनिक सभा होती, लेक मैत्रिणींबरोबर गेली. आम्ही घरी, पूजा होती. दिवेलागणीला गॅलरीच्या कठड्यावर पणत्या लावल्या तर वाऱ्याने सगळ्या फटाफट विझल्या. परत लावल्या, परत विझल्या. खालून आजी बघत असाव्यात. थोड्या वेळाने जिन्यात खणखण वाजलं, ट्रेमध्ये काचेचे सहा पेले घेऊन वर. त्या चोवीस तासांच्या मेणबत्त्या जळून गेल्यावर उरलेले पेले! म्हणे आम्ही फेकत नाही, लहानपणी आम्ही यांतूनच ज्यूस प्यायचो. एकेक हातात देताना सांगत होत्या, हा वडिलांचा, हा बहिणीचा, हे दोन नवऱ्याचे. आमच्या पणत्या त्यांत मावेनात, मग तेल आणि वात सरळ पेल्यातच घातली. सहाच्या सहा टिकल्या, वारा असून. लेक रात्री नऊला आली तेव्हाही जळत होत्या. तिने सभेचं फारसं सांगितलं नाही, फक्त खूप वेळ गॅलरीत उभी राहिली.

सोमवार-मंगळवार

पाडवा आणि भाऊबीज. सोमवारी ड्युकेन इनक्लाइनने डोंगरावर, १८७७ पासूनची लाकडी डब्याची रेल्वे, वरून तिन्ही नद्या दिसतात, यांना फार आवडलं. दुपारी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात, १९७६ चं आहे, इडली-चिंचेचा भात मस्त. प्रिमँटीचं सँडविच खाल्लं, आतच बटाट्याचे काप घालतात, आपला वडापाव त्या मानाने सरस, एवढंच म्हणेन. मंगळवारी विमान. निघताना पेले धुवून परत द्यायला गेले तर आजींनी पाच घेतले, सहावा घेईनात.

आणि परत आल्यावर

१६ नोव्हेंबरला शनिवार होता. आमच्या इथे इस्राएल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे, तिथल्या एका काकांना मी लहानपणापासून ओळखते. संध्याकाळी, त्यांचा शब्बाथ संपल्यावर, राहिलेला फराळ घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांना आमच्याकडचं चालतं, नेहमीच चालत आलंय. म्हटलं काका, आज त्या अमेरिकेतल्या लोकांची तिथी. त्यांना बातमी माहीत होती. "किती होते गं?" अकरा. काका थोडा वेळ बोटांवर मोजत बसले. प्रार्थनेला दहा माणसं लागतात त्यांच्यात, आणि आता अलिबागला दहा जमवताना पेण-पनवेलपर्यंत फोन करावे लागतात.

"दहा," म्हणाले, "आणि वर एक." मग कडबोळं मोडून अर्धं मला दिलं.